डब्यातून डबा, डब्यातून डबा... आणि निघाला हात!

दोस्ता, ओळख पाहू! कापसाच्या एका गाठीचं वजन किती असेल?

दहा किलो? पन्नास? छे छे! तब्बल १७० किलो!

विश्वास बसत नाही ना? कापूस तर फुंकर मारली की उडतो! दिवाळीच्या सुमाराला बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या शिवारात जा. काळ्याभोर रानात पऱ्हाटीवर पांढरीशुभ्र बोंडं फुटलेली असतात. त्यातला कापूस हातावर घे. हातावर काही आहे असं वाटतसुद्धा नाही!

पण हाच कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी निघते, रुई वेगळी निघते. मग ती रुई प्रेसमध्ये घालून दाबतात. अशी दाबतात, अशी दाबतात, की साधारण पाच क्विंटल कापसातली सगळी रुई एका गाठीत मावते! वरून पट्ट्या आवळल्या की झाली गाठ तयार.

आता उचल बरं!

नाही ना उचलत? कशी उचलेल! तुझ्या वर्गातल्या पाच-सहा जणांना एकाच गोणीत कोंबलं तर जेवढं वजन होईल, तेवढं ते आहे. (कोंबू नकोस हं! नुसतं मनातल्या मनात.)

आणि ही गाठ पुढे ट्रकवर चढवायची असते. तीही नुसती खालच्या थरात नाही. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, पार ट्रकच्या टपाच्या वर! जिथे मशीन नसतं, तिथे हमालकाका हे काम करतात. आकडा रुतवतात, खांदा लावतात, एकमेकांना आवाज देत गाठ वर ढकलतात. घामाने सदरा पिळून निघतो. पाठ भरून येते. ते बघताना मला नेहमी वाटतं, या माणसांच्या मदतीला एक मोठ्ठा हात हवा. हवा तेव्हा लांब होणारा, नको तेव्हा आखूड होणारा. आणि कधीच न दमणारा!

आणि काय सांगू! असा हात खरंच आहे!

त्याचं नाव टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट. सुटसुटीत नाव टेलिहँडलर.

बाप रे, केवढं हे नाव! चल, पेरूच्या फोडी करतात तशा याच्या फोडी करू. 'लिफ्ट' म्हणजे उचलणं. 'फोर्क' म्हणजे काटा. हो, तोच! लग्नात नूडल्स खायला देतात ना, तो काटा! या मशीनच्या पुढे दोन लांब, चपटे लोखंडी दाते असतात. ते सामानाखाली सरकवायचे आणि सामान अलगद उचलायचं. आई तव्यावरच्या धपाट्याखाली सराटा सरकवते आणि धपाटा उलटते. अगदी तसंच!

आणि 'टेलिस्कोप' म्हणजे? दुर्बीण!

आता तू विचारशील, कापसाच्या गाठीचा आणि दुर्बिणीचा काय संबंध? अरे, मोठ्ठा संबंध आहे! गोष्टीच्या पुस्तकात जहाजाचा कप्तान असतो बघ. त्याच्या हातात एक दुर्बीण असते. एका नळीत दुसरी नळी, दुसरीत तिसरी. ओढली की लांबलचक, ढकलली की खिशात! म्हणून जे जे असं एकातून एक बाहेर निघतं, त्याला टेलिस्कोपिक म्हणू लागले. घडीची छत्री टेलिस्कोपिक! आजोबांच्या रेडिओची एरियल टेलिस्कोपिक! यातला 'टेलि' हा ग्रीक भाषेतला शब्द. त्याचा अर्थ दूर. टेलिफोन म्हणजे दूरचा आवाज, टेलिव्हिजन म्हणजे दूरचं दिसणं. आणि टेलिहँडलर म्हणजे दूरवर हात पोचवणारा!

तू म्हणशील, मी तर असलं मशीन कधी बघितलंच नाही. थांब! त्याचा एक भाऊ तू नक्की बघितला आहेस. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे येताना, किंवा मलकापूरच्या रस्त्यावर, कधी तरी हायड्रा दिसतो ना? पुढे लांब सोंड आणि सोंडेला लोंबणारा हूक? विजेचे खांब, ट्रान्सफॉर्मर, बंद पडलेला ट्रॅक्टर असं काहीही लटकवून डुलत डुलत नेणारा? त्याची सोंडही अशीच एकातून एक निघते! फरक एवढाच, की हायड्रा सामान दोरीला टांगतो. झोके घेत घेत जातं बिचारं सामान. टेलिहँडलर मात्र सामान हातावर घेतो. तळहातावर ताट धरावं तसं!

आता या हाताच्या आत डोकावू या.

या हाताला म्हणतात बूम. स्वयंपाकघरात एकात एक बसणारे स्टीलचे डबे असतात, आठवतात? सगळ्यात मोठ्याच्या पोटात मधला, मधल्याच्या पोटात छोटा. बूम म्हणजे असेच डबे, फक्त लांबलचक, चौकोनी, जाड लोखंडाचे आणि आडवे ठेवलेले. कुठे दोन, कुठे तीन, खूप उंच जाणाऱ्या मशीनमध्ये त्याहूनही जास्त.

डबे पोकळ का बरं? भरीव लोखंड जास्त मजबूत नाही का? मग एक काम कर. बांबू हातात घे. आत पोकळ! तरी किती ताठ आणि किती हलका! हात भरीव केला, तर मशीनची सगळी ताकद स्वतःचा हात उचलण्यातच संपून जाईल. गाठी कोण उचलणार?

बरं, लोखंडावर लोखंड घासलं तर करकर आवाज येईल, डबे झिजतील. कपाटाचा ड्रॉवर अडकला की घरात मेणबत्ती घासतात ना? इथेही तसंच काही तरी आहे. डब्यांच्या मध्ये नायलॉनसारख्या गुळगुळीत पट्ट्या असतात, वर ग्रीस. सुर्रर्र! डबा सरकला!

आणि तिसऱ्या डब्याची गंमत ऐक. त्याला ढकलायला पुष्कळ मशीनमध्ये वेगळं इंजिन नसतं, काही नसतं. एक साखळी असते फक्त! विहिरीवरची कप्पी बघितली आहेस ना? तशा कप्पीवरून ती साखळी फिरते. दुसरा डबा पुढे सरकला, की साखळी ताणली जाते आणि तिसऱ्याला बाहेर ओढते. दुसरा एक पाऊल पुढे गेला, की तिसरा दोन पावलं पुढे! जत्रेत आईने ताईचा हात धरावा, ताईने तुझा धरावा आणि तूच सगळ्यांच्या पुढे पळत सुटावं, तसं.

पण मग दुसऱ्या डब्याला कोण ढकलतं?

तेल!

हो, हो, तेल! तू म्हणशील, तेल कसं ढकलेल? तेल तर वाहतं! थांब, आपण प्रयोगच करू. दोन इंजेक्शनच्या सिरिंज घे, सुई नसलेल्या. एक लहान, एक मोठी. मध्ये सलाइनची नळी जोड. घरातल्या मोठ्या माणसाला मदतीला घे. आत पाणी भर, हवेचा एकही बुडबुडा ठेवू नकोस. आता लहान सिरिंजचा दांडा दाब.

अरेच्चा! पलीकडचा दांडा आपोआप वर आला!

आता मोठ्या दांड्यावर एखादं पुस्तक ठेव आणि पुन्हा लहान दांडा दाब. एका बोटाने पुस्तक उचललं जातं! बोटाला फारसं जाणवतही नाही.

असं का होतं? कारण पाणी किंवा तेल दाबून लहान होत नाही. फुगा दाबला तर हवा आकसते. पण तेल हट्टी! आकसायचं नाव नाही. एकीकडून दाबलं की ते दुसरीकडे जागा शोधतं. आणि दाबताना आतला दाब सगळीकडे सारखा पोचतो. लहान दांड्याच्या तोंडाशी एक नाणं मावेल एवढी जागा असेल आणि मोठ्याच्या तोंडाशी दहा नाण्यांएवढी, तर मोठा दांडा दहापट जोराने ढकलतो!

दहापट जोर फुकट? छे! मोठा दांडा दहापट कमी सरकतो. लहान दांडा दहा बोटं दाबावा, तेव्हा मोठा कुठे एक बोट वर येतो. बाजारात जसं पैसे दिल्याशिवाय सामान मिळत नाही, तसं निसर्गातही अंतर मोजल्याशिवाय जोर मिळत नाही.

ही युक्ती फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल नावाच्या माणसाने सांगितली. कधी? पावणेचारशे वर्षांपूर्वी! म्हणजे आपले शिवाजी महाराज गडकिल्ले जिंकत होते, साधारण त्याच काळात. पास्कलला तेव्हा स्वप्नातही वाटलं नसेल, की आपल्या युक्तीवर एक दिवस टेलिहँडलर चालेल. आणि ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा! मका उतरवताना ट्रॉली मागे कलते ना? तिच्या पोटाखाली चकाकणारा जाड दांडा वर येतो ना? तोच हा तेलाचा खेळ. त्याला हायड्रॉलिक म्हणतात. आणि हायड्राचं नाव हायड्रा का, हेही आता तुझ्या लक्षात आलं असेल!

आता खरी धक्का देणारी गोष्ट. जवळ ये, अगदी कानात सांगायची आहे.

टेलिहँडलरच्या नळ्यांमधल्या तेलाचा दाब किती असतो, माहीत आहे? अंगठ्याचं नख बघ. साधारण एक चौरस सेंटिमीटर. जोरात काम चालू असताना तेवढ्याशा जागेवर २०० किलोच्या आसपास जोर! म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या एका नखावर! आणि हात उचलणाऱ्या सिलिंडरचं, म्हणजे मशीनमधल्या मोठ्या सिरिंजचं, तोंड समज दहा सेंटिमीटर रुंद असलं, चहाच्या बशीहून जरा लहान, तर तेवढ्या तोंडावर पंधरा टनांहून जास्त जोर लागतो. गणित हवं असेल तर करून बघ. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढ आणि २०० ने गुण!

एवढा जोर! मग हे मशीन काहीही उचलेल ना?

नाही!

इथेच खरी मजा आहे. मला विचारशील, तर या मशीनची सगळ्यात भारी गोष्ट त्याची ताकद नाहीच. त्याचा हिशोब आहे.

उठ बरं. पाण्याने भरलेला तांब्या घे. छातीशी धर. सोपं आहे ना? आता हात सरळ पुढे कर, कोपर न वाकवता. दहापर्यंत मोज. एक... दोन... तीन... अरे, खांदा दुखायला लागला! हात थरथरायला लागला! तांब्या तोच. पाणी तेवढंच. मग झालं काय?

तांब्या दूर गेला! वजन दूर गेलं की त्याचा भार वाढतो.

आता बागेतल्या सी-सॉवर चल. तू एका टोकाला आणि बाबा दुसऱ्या टोकाला. बाबा खाली, तू वर लटकलेलं! पण बाबा सरकत सरकत मधल्या खुंटीजवळ आले की? तू खाली, बाबा वर! बाबांचं वजन घटलं का? मुळीच नाही. ते फक्त जवळ आले.

टेलिहँडलर म्हणजे चाकांवरचा सी-सॉ आहे! पुढची चाकं ही मधली खुंटी. पुढे हातावर गाठी. मागे मशीनचं स्वतःचं वजन. आणि ते काही थोडंथोडकं नाही. तीन टन उचलणारं मशीन स्वतः साधारण सात टनांचं असतं. जवळजवळ दोन हत्ती! ते दोन हत्ती मागच्या बाजूला बसलेले असतात, म्हणून पुढच्या गाठी उचलल्या जातात.

पण हात लांब केला तर? गाठी खुंटीपासून दूर गेल्या! त्यांचा भार वाढला! फारच लांब केला, तर मागची चाकंच हवेत उचलली जातील आणि सगळं मशीन नाकावर आपटेल. धडाम!

म्हणून हिशोब. समज, एक मशीन हात जवळ ठेवून तीन टन उचलतं. म्हणजे जवळजवळ सतरा गाठींचं वजन. तेच मशीन हात पूर्ण पुढे ताणला की साधारण सव्वा टनच उचलू शकतं. म्हणजे सात गाठी. मशीन तेच, तेल तेच, ऑपरेटर तोच. सतराच्या सात झाल्या!

हे सगळं ऑपरेटरच्या लक्षात कसं राहतं? राहू द्यायची गरजच नाही! त्याच्या केबिनमध्ये एक तक्ता असतो. एका बाजूला उंची, खाली अंतर, मध्ये वाकड्या रेघा. हात इथवर गेला तर एवढंच वजन. तो त्या मशीनचा पाढा आहे म्हण ना! आणि ऑपरेटर पाढा चुकलाच, तर नव्या मशीनमध्ये गुरुजीही बसवलेले असतात. आधी हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल. पीं पीं पीं! लाल लागला की हात आणखी लांब व्हायचं नावच घेत नाही. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त शिरला की ती हटून बसते, तसं हे मशीन हटून बसतं.

कुस्तीतला पैलवान उभा कसा राहतो बघितलंस? पाय फाकवून, घट्ट. जास्त उंच जाणाऱ्या टेलिहँडलरलाही पुढे असे दोन पाय असतात. काम सुरू करायच्या आधी तो ते जमिनीवर रोवतो. सी-सॉची खुंटी पुढे सरकली! मागचं वजन आणखी कामी आलं!

बरं, हा हात निघतो कुठून? पुढून वाटतं ना? चक्क मागून निघतो! ऑपरेटरच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या वर त्याचा खांदा असतो. तिथून तो केबिनच्या शेजारून पुढे येतो. म्हणून ऑपरेटर मध्ये बसत नाही. एका कडेला बसतो, आणि शेजारी हा भलामोठा हात. मागून निघाल्यामुळे हाताला भरपूर लांबी मिळते आणि तरी मशीन आटोपशीर राहतं.

आता आणखी एक प्रयोग, आणि हा मनातल्या मनातच कर. ताटात वरणाची वाटी ठेवली आहे. ताट तळहातावर घेतलं आणि मनगट ताठ ठेवून हात हळूहळू वर उचलला. काय होईल? ताट आपल्याकडे कलेल. वाटी घसरेल. वरण डोक्यावर!

टेलिहँडलरचा हातही असाच वर जातो. मग गाठी घसरून ऑपरेटरच्या अंगावर का नाही येत?

कारण त्याचं मनगट आपोआप वळतं! हाताच्या बुडाशी एक जादा सिलिंडर असतो. हात वर जायला लागला, की त्या सिलिंडरमधलं तेल नळीतून निघून थेट पुढच्या दात्यांच्या सिलिंडरमध्ये जातं. हात जेवढा वर, तेवढेच दाते पुढे झुकतात. त्यामुळे दाते कायम जमिनीशी समांतर! साध्या तेलाच्या नळ्यांची ही करामत. मला तर या मशीनमधली हीच गोष्ट सगळ्यात गोड वाटते.

आणि याची चाल? नळगंगा नदीच्या काठी ओल्या दगडाखाली खेकडा बघितला असशील. कसा चालतो तो? तिरका! टेलिहँडलरलाही खेकड्याची चाल येते! त्याची पुढची चाकं वळतातच, पण मागचीही वळतात. पुढची उजवीकडे आणि मागची डावीकडे वळवली, की तो अगदी छोट्याशा जागेत गरकन फिरतो. चारही चाकं एकाच दिशेला वळवली, की तोंड समोरच आणि स्वारी निघाली तिरकी! भिंतीला चिकटून उभं राहायचं असलं की ही चाल उपयोगी पडते. शिवाय चारही चाकांना इंजिनाची ओढ असते. आपल्या काळ्या मातीचा पावसाळ्यातला चिखल तुला काही सांगायला नको. चप्पल रुतली की पाय तेवढा वर येतो, चप्पल तिथेच! असल्या जमिनीवर गोदामातलं साधं फोर्कलिफ्ट पाऊलही टाकणार नाही. ते गुळगुळीत फरशीवरचं बाळ. उभ्या खांबावर दाते वर-खाली करतं, बस. मध्ये नाली आली, बांध आला, की थांबलं. टेलिहँडलर नालीच्या अलीकडे उभा राहतो आणि हात पलीकडे पोचवतो!

पण कलत्या जमिनीवर तोही जपून असतो हं. एका बाजूचं चाक खचलं आणि वर उंच हातात वजन असलं, तर मशीन आडवं होऊ शकतं. म्हणून आधी सपाट, टणक जागा बघायची. आणि वजन घेऊन चालायचं असेल, तर हात आत ओढून, सामान खाली ठेवून चालायचं.

आता त्याच्या नावातली गुप्त लिपी सांगू? कुणाला सांगू नकोस! जेसीबी कंपनीच्या काही टेलिहँडलरवर ५३०-७० असा आकडा असतो. पहिला ५ सोडून दे. पुढचे ३० म्हणजे ३० क्विंटल, म्हणजे तीन टन वजन. आणि ७० म्हणजे सात मीटर उंची. झालं! ५३५-९५ म्हणजे? सांग, सांग! साडेतीन टन, साडेनऊ मीटर. शाब्बास!

जेसीबी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे माती उकरणारं पिवळं मशीन आलं ना? आपल्याकडे तशा कुठल्याही मशीनला जेसीबीच म्हणतात. पण जेसीबी हे एका माणसाचं नाव आहे! जोसेफ सिरिल बॅमफर्ड. इंग्लंडमधल्या युटॉक्सिटर गावात १९४५ साली एका छोट्या गॅरेजमध्ये त्याने पहिली वस्तू बनवली. ओळख काय? मागे कलणारी ट्रॉली! आपल्या ट्रॅक्टरला असते तशीच! ती ४५ पौंडांना विकली गेली. त्याच्या कंपनीने आपला पहिला टेलिहँडलर १९७७ साली आणला. नाव ठेवलं लोडॉल. म्हणजे काहीही चढव!

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये मार्सेल ब्रो नावाचा एक माणूस होता. शेतात आणि बांधकामावर, खडबडीत जमिनीवर सामान उचलायचं कसं, हा प्रश्न त्याला पडला. ट्रॅक्टर तर चिखलातही चालतो. पण त्याची मोठी चाकं मागे! मग १९५०च्या दशकाच्या शेवटी त्याने काय केलं असेल? ट्रॅक्टर उलटा केला! बसायची जागा फिरवली, मागची बाजू पुढे झाली, मोठी चाकं पुढे आली आणि तिथे उचलायचे दाते बसवले. एवढंच! त्यातूनच खडबडीत जमिनीवरचं फोर्कलिफ्ट तयार झालं आणि त्याची मानिटू कंपनी जगभर पोचली. पुढे दाते वर-खाली करणाऱ्या उभ्या खांबाच्या जागी लांबणारा हातही आला.

आज इटलीच्या माग्नी कंपनीचा एक टेलिहँडलर ५१ मीटर उंच हात पोचवतो. ५१ मीटर म्हणजे सोळा-सतरा मजल्यांची इमारत! आणि त्याचा हात नुसता लांब होत नाही, गोल गोल फिरतोही.

टेलिहँडलरच्या हाताला हातमोजे बदलतात तसे पंजेही बदलता येतात. दाते काढले, बकेट लावलं, की वाळू भरली. बकेट काढलं, चिमटा लावला, की गवताचे गठ्ठे पकडले. हूक लावला की झाली क्रेन. जाळीचा पिंजरा लावला, की माणसं वर जाऊन पत्रे बसवतात. पण माणूस फक्त त्या खास पिंजऱ्यातच, पट्टा बांधून. दात्यांवर उभं राहून वर जायचं नाही म्हणजे नाही!

विचार कर, आपल्याकडे हा हात कुठे कुठे उपयोगी पडेल! कडब्याची गंजी रचताना एक जण खालून पेंढी फेकतो, दुसरा वर झेलतो. संध्याकाळपर्यंत दोघांचे हात गळून जातात. तिथे! मक्याच्या गोण्यांची थप्पी गोदामाच्या पत्र्यापर्यंत लावायची असते. तिथे! शाळेची नवी खोली बांधताना विटा पाटीत भरून, डोक्यावर घेऊन, शिडीवरून वर नेतात. तिथे! आणि जिनिंगच्या अंगणात, त्या १७० किलोच्या गाठींपाशी तर सगळ्यात आधी. हे मशीन महाग आहे, लहान गावात ते सहज परवडत नाही. पण हमालकाकांची पाठ मला जास्त मोलाची वाटते. तेच काका उद्या केबिनमध्ये बसून, दिवे बघत, पाढा वाचत गाठी चढवताना दिसावेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तोवर तुझ्यासाठी एक काम! पुढच्या वेळी रस्त्यात हायड्रा दिसला, की त्याच्या सोंडेत किती डबे आहेत ते मोज. कुठला डबा आधी बाहेर येतो तेही बघ. जड सामान उचलताना तो सोंड लांब ठेवतो की आखूड, हे तर नक्की बघ! पण लांबून हं. उचललेल्या सामानाखाली कधीही, अगदी एक पाऊलसुद्धा जायचं नाही. आणि घरी येऊन तांब्याचा प्रयोग धाकट्या भावंडांना करायला लाव. दहापर्यंत कोण पोचतं, ते मला कळव!